जप्तीच्या बिड्या

चंद्रकला पराते या बाईनं नर्सगिरीत सारी उमर घातली, पण पेशंटकडून कधी एक केळं घेतलं नाही. नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या छातीच्या हॉस्पिटलात हे झाडूवालीपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. बरा होऊन घरी निघालेला माणूस पेढ्यांचा डबा पुढं करी आणि बाई दोन्ही हात कोटाच्या खिशात घाले. कोणी संत्र्यांची पिशवी आणी, कोणी तुरीच्या शेंगा. सगळं आल्या पावली परत. "घरी लेकरं नाहीत का खायले?" हे वर ऐकून घ्यावं लागे ते वेगळंच.

बिड्या मात्र घ्यायची. म्हणजे घ्यायची नाही, जप्त करायची. या दोन गोष्टींत फरक आहे, असं तिचं मत होतं.

नवा पेशंट वॉर्डात आला की आधी खिसा, मग ताप. बरं, छातीचे पेशंट काही कमी बेरकी नसतात. कोणी बिड्या टोपीत ठेवी, कोणी चपलेच्या तळाशी, एका महाशयांनी तर डब्यात पोळीच्या घडीत ठेवल्या होत्या. बाईला सगळ्या सापडत. खाटेच्या पायथ्याशी उभी राहून ती सांगे, "उशीखाली आहे, आणि वरोऱ्याकडची आहे. काढा जी." लोक म्हणत, काय नाक आहे सिस्टरचं! नाक असं तयार कशानं होतं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. यायला पाहिजे होतं.

जप्तीचा माल तिच्या कपाटात कुलपात जाई. हॉस्पिटलचा नियम असा की जप्त माल नष्ट करायचा. चंद्रकला तो नियम इमानानं पाळत होती. दुपारी चारच्या सुमारास, गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभी राहून ती तो नष्ट करी. एका वेळी एक. काडेपेटीही जप्तीचीच असे. इतक्या वर्षांत तिनं एक बिडी विकत घेतली नव्हती आणि या गोष्टीचं तिला थोडं समाधानही होतं. जिन्याच्या तोंडाशी आया जिजाबाई निवडायला मेथी घेऊन बसे. गच्चीवर कोणी निघालं तर "वर फिनेल टाकलं आहे," एवढंच सांगे. मेथी रोज नेमकी चारलाच कशी निघते, हेही कोणी विचारलं नाही.

आता बाई म्हटल्यावर हे लागलं कसं, तर ते उमरेडचं देणं. तिच्या बापाचा तिथं हातमाग होता. मागावर बसलेल्या माणसाचे पाय खड्ड्यात आणि दोन्ही हात कामात. धोटा थांबवला तर तार बिघडते. म्हणून बापाला तलफ आली की तो मान न वळवता नुसतं "चंदा" म्हणे. चंदा चुलीपाशी जाई, बिडी पेटवी आणि आणून बापाच्या ओठांत ठेवी. बिडी काही उदबत्ती नव्हे. ती पेटवायची तर एक झुरका मारावाच लागतो. फ्रॉकातली पोरगी दिवसातून दहा वेळा तो झुरका मारी आणि आई म्हणे, किती कामाची आहे माही चंदा! बाप पुढं खोकून खोकून गेला. चंदा नर्स झाली, ती त्या खोकल्यापायीच. बिडी मात्र तशीच राहिली.

सिस्टरनं ओढावं का, असं तिला कोणी विचारलं असतं तर तिनं तोंडावर सांगितलं असतं, "अजिबात नाही." तिच्या मनात या बाबतीत तिळमात्र शंका नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. पण एक आहे, तिचं सांगणं लागू पडत असे. तिच्या शिव्या खाऊन बिडी सोडलेली माणसं कामठीपासून कुहीपर्यंत पसरली होती. तेवढ्या पुण्याईवर चार वाजताची एक खपून जावी, असा तिचा हिशेब होता.

डॉक्टर सुशील हे मोठ्या डॉक्टरांचे चिरंजीव. वडील थकल्यावर हॉस्पिटल त्यांच्याकडे आलं. ते एकदा धरमपेठेत कुठलंसं व्याख्यान ऐकून आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या स्टाफला खाली हॉलमध्ये उभं केलं.

"सिगारेट ओढणारा डॉक्टर आणि बिडी ओढणारी नर्स पेशंटला कोणत्या तोंडानं सांगणार? आजपासून आपल्याकडे कोणीही ओढायचं नाही. शपथ घ्या," ते म्हणाले.

शपथ घ्यायला कोणाचीच हरकत नव्हती. पण नागपूरच्या रिवाजाप्रमाणे त्या वेळी अर्ध्या स्टाफच्या गालात सुपारी-तंबाखूचा खर्रा होता. तोंड उघडायची सोय नव्हती. "मी धूम्रपान करणार नाही," असं डॉक्टर म्हणाले आणि समोरून "हुं हुं हुं" असा एकमुखी आवाज आला. खर्रा ओढत नसतात, चघळतात, त्यामुळे शपथ खरीच होती. स्पष्ट शब्दांत म्हटली ती एकट्या चंद्रकलेनं. तिचं तोंड रिकामं होतं आणि चार वाजायला अजून वेळ होता.

डॉक्टरांनी एक यंत्रही आणलं होतं. दम रोखायचा आणि त्यात फुंकायचं. माणूस बिडी ओढत असेल तर आकडा चढतो, लाल दिवा लागतो आणि यंत्र ओरडतं. नसेल तर हिरवा. वॉर्डात त्याचं नाव पहिल्याच दिवशी फुंकणी पडलं. पेशंटलोकांनी मात्र चार दिवसांत तिची कळ ओळखली. दोन दिवस कळ सोसली की फुंकणी हिरवी, बाहेर पडलं की टपरी. तेव्हा चंद्रकला सिस्टर बोलून गेली, "फुंकणी फसते सर, खिसा फसत नाही." डॉक्टरांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी त्याचा बोर्ड करून ओपीडीत लावला. खाली तिचं नाव.

आणि घरी न्यायच्या ऑक्सिजनच्या मशीनला हाच नियम लागला. हॉस्पिटलकडे अशा थोड्या मशिनी होत्या. गरजवंताला त्या फुकट वापरायला मिळत. पण ऑक्सिजन आणि आग एका घरात चालत नाही. मागच्या वर्षी एका गृहस्थांनी नाकात नळी ठेवून बिडी पेटवली. मिशा गेल्या, उशी गेली, पडदा गेला. गृहस्थ वाचले, बायको माहेरी गेली. तेव्हापासून फुंकणी हिरवी आणि खिसा रिकामा, दोन्ही असेल तरच मशीन. यात चुकीचं काही नव्हतं. नियम चांगलाच होता.

आता जागेश्वरभाऊ. हा मौद्याकडचा माणूस, धानाची शेती करणारा, हाडापेरानं दणकट पण छातीनं गेलेला. तीन शब्द बोलला की थांबायचा, श्वास घ्यायचा, मग पुढचे तीन. पोळ्याच्या सुमारास त्याला बायकोनं, गोपिकाबाईनं, आणून टाकला तेव्हा तो निळा पडला होता. त्या दुपारी चंद्रकला त्याच्या खाटेवर बसली, त्याला छातीशी धरून सरळ ठेवला आणि म्हणत राहिली, "ओठ मिटा, गरम दूध फुंकता नं, तसं फुंका. फुंका. भिऊ नोका, मी हावो इथं." तो जगला. जाताना गोपिकाबाई चिन्नोर तांदळाची चुंगडी घेऊन आली. परत पाठवली. मग भरताची वांगी आणली. तीही परत. त्याच्या खिशातला बिडीचा कट्टा तेवढा बाईनं पहिल्याच दिवशी काढून घेतला होता, लाल दोऱ्यानं बांधलेला.

त्यानंतर तो महिन्याच्या महिन्याला तपासायला येई. दर खेपेला बंडीच्या आतल्या खिशात लाल दोऱ्याचा कट्टा सापडे. चंद्रकला त्याला सोलून काढी. "लाज नाही वाटत? बायकोकडं पाहा जरा! त्या दिवशी वाचवलं कायले तुमाले, पुन्हा मरासाठी?" तो खाली मान घालून ऐके. ऐकून झालं की "बरं जी... येतो मंग," म्हणून निघे आणि जाताना त्याच्या तोंडावर थोडं हसू असे. ते पाहून तर तिच्या अंगाचा तिळपापड होई. बरं, कट्टे कोरे असत, दोरासुद्धा न सुटलेले. तिनं ते पाहिलं होतं. पण कोरा कट्टा हाती आल्यावर माणूस खोलात शिरत नाही.

डिसेंबरातल्या खेपेला त्याचा बोटाला चिमटा लावून पाहिलेला ऑक्सिजन फारच खाली गेलेला निघाला. धानाची मळणी सुरू, हवेत भुसा, त्यात थंडी. डॉक्टर सुशीलनी पेपर पाहिले, माणूस पाहिला आणि म्हणाले, "यांना घरी मशीन लागेल, आजच. नाहीतर ही थंडी निघणार नाही."

गोपिकाबाईनं हात जोडले. मशीन आणून टेबलाशी ठेवली. जागेश्वरभाऊनं फुंकणीत फुंकलं. हिरवा दिवा. गोपिकाबाई तर मशीन टेम्पोत ठेवायची की बसमध्ये, हे विचारू लागली.

"सिस्टर, खिसा," डॉक्टर म्हणाले.

चंद्रकलेनं त्या दिवशी पहिल्यांदाच खिशात हात घालायला उशीर लावला. घातला. कट्टा होता. लाल दोऱ्याचा.

डॉक्टरांनी एकदा त्या कट्ट्याकडे पाहिलं, एकदा बोर्डाकडे. "सॉरी. होळीनंतर पुन्हा पाहू," म्हणाले आणि राउंडला गेले. मशीन उचलून परत आत ठेवली गेली.

चंद्रकला जागेश्वरभाऊला ड्रेसिंगच्या खोलीत घेऊन गेली. दार लावलं. रागानं कट्टा टेबलावर आपटला. तेवढ्यात दार ढकलून गोपिकाबाई आली आणि तिनं उलट तिलाच धरलं.

"सिस्टरबाई, देवाशपथ सांगतो, या माणसानं पोळ्यापासून बिडी शिवली नाही!"

"मंग हा कट्टा कायले? पुजेले?"

गोपिकाबाई नवऱ्याकडे पाहू लागली. नवरा जमिनीकडे.

"सांगा नं आता! घरात मी यावरूनच भांडतो यायच्याशी," ती म्हणाली. "बिडी सुटली नं, मंग नागपूरले निघताना दुकानातून कट्टा काहून घेता म्हणून."

"तुमच्यासाठी... आणतो जी," जागेश्वरभाऊ म्हणाला.

चंद्रकला खुर्चीवर बसली.

"माही खाट... खिडकीपाशी होती. त्या जिन्याच्या... खाली. चार वाजले का... वास ये. माह्याच बिडीचा." तो थांबला, ओठ मिटून दूध फुंकल्यासारखं फुंकलं, तिनं शिकवलं होतं तसं. "तांदूळ... घेतला नाही तुमी. वांगी... घेतली नाही. हे तेवढं... घेतलं. जीव वाचवणाऱ्याकडं... रिकाम्या हातानं... कसं याव?"

"अहो, मी रागवत होतो नं तुमाले! दर खेपेले!"

"ते वरवर. आहेर घेताना... लोक नाही नाही... म्हणतातच की."

बाप्पा! चंद्रकलेला हसावं की रडावं कळेना, आणि शेवटी रडूच आलं. कोटाच्या बाहीनं तिनं डोळे पुसले. माणसानं जन्माची बिडी सोडली होती. तिच्या शब्दाखातर सोडली होती. आणि तिच्याचसाठी बिडी आणून तो थंडीत मरायला घरी चालला होता. इतकी शरम तिला उभ्या जन्मात वाटली नव्हती.

"इथंच बसा. हलू नोका," ती म्हणाली.

डॉक्टर सुशील ओपीडीत परत आले होते. चंद्रकलेनं वाटेत ठरवून टाकलं होतं की थोडक्यात भागवायचं. एवढ्या वर्षांचा शब्द आहे, एक खोटं पचेल.

"सर, तो कट्टा जागेश्वरभाऊचा नाही. दुसऱ्याचा आहे."

डॉक्टर हसले. "सिस्टर, हे तुम्हीच मला शिकवलंत. जो सापडतो तो म्हणतो, दुसऱ्याचा आहे. मग विचारायचं, कोणाचा? की गडी गप्प." त्यांनी पेन खाली ठेवलं. "बोला, कोणाचा?"

चंद्रकला मनात वाट शोधू लागली. शेजाऱ्याचा म्हणावं तर ते सगळेच म्हणतात. मुलाचा म्हणावं तर मशीन त्याच घरात जायची. आजवर तिनं एकेक वाट स्वतःच बुजवून ठेवली होती.

"माझा," ती म्हणाली.

डॉक्टर आणखी हसले. "पेशंटसाठी एवढं? कमाल आहे तुमची. पण नियम म्हणजे नियम."

"सर, मी खरं सांगून राहिले."

"जा सिस्टर, चहा घ्या. चार वाजून गेले."

तेच तर. चार वाजून गेले होते, आणि खिशाच्या या भानगडीच्या आधी ती गच्चीवर जाऊन आली होती. तिनं टेबलावरची फुंकणी उचलली. नवी नळी लावली. पेशंटला शिकवते तशी पद्धतशीर ताठ उभी राहिली, दम रोखला आणि फुंकलं. आकडा चढू लागला. वीसच्या पुढं गेला. लाल दिवा लागला आणि फुंकणी अशी ओरडली की बाहेरच्या बाकावरचे पेशंट उठून आत डोकावले.

डॉक्टरांचं हसू तिथंच राहिलं. त्यांनी फुंकणी हातात घेतली, हलवली, नळी बदलली आणि स्वतः फुंकलं. हिरवा दिवा. त्यांनी पुन्हा फुंकलं. पुन्हा हिरवा.

दारात मेथीची परडी घेऊन जिजाबाई उभी होती. "मशीन बराबर आहे साहेब," ती म्हणाली.

मग चंद्रकलेनं सगळं सांगितलं. उमरेड, जप्ती, टाकी, तांदळाची चुंगडी, सगळं. डॉक्टर बोर्डाकडे पाहत ऐकत होते. शेवटी त्यांनी फोन करून मशीन पुन्हा बाहेर आणायला सांगितलं.

"आणि माझं?" तिनं विचारलं.

"मला काही सुचत नाही, सिस्टर," डॉक्टर म्हणाले. खरंच सुचत नव्हतं. लहानपणी त्यांचा दमा याच बाईनं मांडीवर घेऊन शांत केला होता.

पुढं ठरलं ते असं. बोर्डावरचं वाक्य राहिलं, खालचं नाव रंगवून टाकलं. कपाटाची किल्ली गेली. आणि दर गुरुवारी बिडी सोडणाऱ्यांचा वर्ग भरतो, त्यात चंद्रकला सिस्टरनं बसायचं. समोर उभं राहून नव्हे, बाकावर. पहिल्या गुरुवारी तिच्या एका बाजूला कामठीचा एक आणि दुसऱ्या बाजूला पारडीचा एक अशी दोन जुनी गिऱ्हाइकं बसली होती. कामठीवाल्यानं बराच वेळ तिच्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "सिस्टर, माहा कट्टा... कसा होता?"

"बेकार. ओला होता," ती म्हणाली.

हॉस्पिटलात तोंडं चालायची ती चाललीच. काही म्हणाले, आता पेशंट तिचं ऐकणार नाहीत. झालं उलटंच. माणसं येऊन विचारू लागली, बाई, तुमाले सकाळी जास्त आठवते का संध्याकाळी? ती खरं सांगे. सकाळी नाही, चार वाजता. चार वाजले की तिचे पाय आपोआप जिन्याकडे वळत, आणि जिन्याच्या तोंडाशी जिजाबाई मेथी घेऊन बसलेलीच असे. आता मात्र ती तिलाच म्हणे, "वर फिनेल टाकलं आहे."

संक्रांतीनंतर ज्यांच्या घरी मशिनी दिल्या त्यांच्याकडे पाहणी करायला जायचं होतं. मौद्याकडं चंद्रकलाच गेली. घर सारवलेलं, चूल पार मागच्या परसात हलवलेली, खोलीच्या दारावर खडूनं लिहिलेलं, विस्तव आणू नये. जागेश्वरभाऊ खाटेवर टेकून बसला होता. नाकाखाली नळी, शेजारी मशीन घुरघुरत होती. तोंडावर रंग आला होता.

तिनं मशीन पाहिली, नळी पाहिली, बोटाला चिमटा लावून आकडा पाहिला. चांगला होता. मग सवयीप्रमाणे हात पुढं केला. "खिसा, भाऊ."

त्यानं बंडीचा खिसा उलटा करून दाखवला. रिकामा. मग तो तिच्याकडे पाहून बोलला आणि मध्ये एकदाही थांबला नाही.

"आता तुमचाही खिसा दाखवा बरं सिस्टरबाई, मी काही वरवर म्हणून नाही राहिलो."

चंद्रकला त्याच्याकडे पाहतच राहिली. एवढं लांब वाक्य तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. म्हणाली असती की सिस्टरचा खिसा पाहत नसतात, पण म्हणाली नाही. कोटाचा खिसा तिनं उलटा केला. पेन निघालं, चिकटपट्टी निघाली, लवंगांची पुडी निघाली. आणि शेवटी, पार तळातून, एक बिडी.

"ओढली नाही जी, नुसती ठेवली आहे," ती म्हणाली.

"सगळे हेच म्हणतात," जागेश्वरभाऊ म्हणाला.

गोपिकाबाईनं न बोलता हात पुढं केला. चंद्रकलेनं बिडी तिच्या हातावर ठेवली. गोपिकाबाई अंगणात गेली, बिडी पाण्याच्या बादलीत बुडवली, कुस्करली आणि उकिरड्यावर फेकून आली. येताना तिच्या हातात वांग्यांची पिशवी होती. ती तिनं मागच्यासारखीच, परत येणार हे धरूनच, पुढं केली.

चंद्रकला सिस्टरनं पिशवी घेतली.